वाचकांचे प्रश्न : लाकूड-प्लॅस्टिकची फळी का मोडते?

या महिन्याच्या टपालात लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या संमिश्रांविषयी, म्हणजे बाजारात ज्यांना सरसकट ‘डब्ल्यूपीसी’ म्हटले जाते त्या फळ्या, चौकटी आणि दारांविषयी, एवढी पत्रे आली की या वेळचे सदर मी त्यांनाच देत आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा लागली आहे. त्यातली अडचण नीट उलगडली, तर पुढच्या पत्रांची निम्मी उत्तरे तिथेच मिळतात.

प्रश्न : माझा कोल्हापूरजवळ प्लॅस्टिक एक्स्ट्रूजनचा, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक साच्यातून ढकलून सलग आकार काढण्याचा, लहान कारखाना आहे. पुनर्वापराच्या एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिएथिलीन) दाण्यात सॉ-मिलचा भुसा मिसळून मी बाकांच्या फळ्या काढतो. खर्च कमी करण्यासाठी भुशाचे प्रमाण 45 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेले. तेव्हापासून फळ्या वाकण्याऐवजी तडकन मोडतात. पुरवठादाराच्या सल्ल्याने 2 टक्के कपलिंग एजंट (लाकूड आणि प्लॅस्टिक यांना जोडणारे द्रव्य) घातला, पण काडीचाही फरक पडला नाही. फळीच्या कडा फाटू नयेत म्हणून 2 टक्के झिंक स्टिअरेट पूर्वीपासून घालतो. भुसा उन्हात वाळवतो. 1 मीटर लांब, 140 मिलिमीटर रुंद आणि 25 मिलिमीटर जाड अशा भरीव फळीचे वजन 3 किलो 570 ग्रॅम भरते. कपलिंग एजंट बनावट असावा का?

उत्तर : बनावट असण्याची शक्यता नाकारत नाही, पण आपण दिलेल्या माहितीवरून माझा संशय आधी त्याच्यावर जात नाही. आपल्या पत्रातील प्रत्येक आकडा काही सांगतो आहे, म्हणून एकेक करून पाहू.

लाकडाच्या कणाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट दाटीने असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. पॉलिएथिलीन मात्र मेणासारखे आहे. पाण्याशी त्याचे जमत नाही आणि लाकडाशीही नाही. दोन्ही एकत्र वितळवून दाबले, तर प्लॅस्टिक कणाभोवती केवळ वेढा घालून बसते, त्याला धरत नाही. फळीवर भार आला की तो प्लॅस्टिककडून लाकडाकडे पोचायला हवा. तो सांध्यावरच अडतो आणि तडा नेमका तिथून धावतो. 45 टक्के भुसा असताना कणांमध्ये प्लॅस्टिकचा पुरेसा थर होता आणि तो ताण सहन करत होता. 60 टक्क्यांवर कण एकमेकांना टेकू लागले, मधला थर पातळ झाला, आणि इतके दिवस झाकून राहिलेला सांध्याचा कच्चेपणा उघडा पडला.

कपलिंग एजंटचे काम हा सांधा जोडणे. आपल्याला मिळालेला पदार्थ बहुधा मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले पॉलिएथिलीन असावा. त्याच्या रेणूचे अ‍ॅनहायड्राइडचे टोक लाकडाच्या हायड्रॉक्सिल गटाशी एस्टर बंध करते, तर त्याची लांब साखळी आजूबाजूच्या पॉलिएथिलीनमध्ये गुंतून बसते. साखळी मूळ प्लॅस्टिकच्याच जातीची असावी लागते. एचडीपीईसाठी पॉलिप्रॉपिलीनवर आधारलेला प्रकार आणला असेल, तर त्याचा उपयोग फारच थोडा होईल. पिशवीवरचा मजकूर एकदा पाहून घ्यावा.

आता झिंक स्टिअरेट. माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ इथे आहे. भुसा आणि प्लॅस्टिकचा घट्ट लगदा डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यातून, बाहेर पडताना कडा करवतीच्या दातांसारख्या फाटतात, म्हणून वंगण घालावेच लागते आणि त्यासाठी झिंक स्टिअरेट स्वस्त पडते. परंतु धातूचे स्टिअरेट अ‍ॅनहायड्राइडच्या टोकाशी स्वतःच अभिक्रिया करते, त्यामुळे जे टोक लाकडाला धरण्यासाठी आणले ते वाटेतच अडकते. एका हाताने सांधा जोडायचा आणि दुसऱ्या हाताने सोडवायचा, असा प्रकार आपल्या मिक्सरमध्ये रोज घडत असणार. कपलिंग एजंट वापरायचा असेल, तर वंगण धातूविरहित घ्यावे. एस्टर किंवा अमाइड प्रकारची मेणे यासाठी मिळतात. किंमत थोडी जास्त पडेल. पण कपलिंग एजंट वाया घालवण्यापेक्षा हा खर्च परवडणारा आहे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. उन्हात वाळवलेला भुसा हाताला कोरडा ठणठणीत लागतो, तरी त्यात कित्येकदा 6 ते 10 टक्के पाणी असते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. बॅरलमध्ये, म्हणजे यंत्राच्या तापवलेल्या नळीत, त्याची वाफ होते. ती वाफ फळीत पोकळ्या करते आणि शिवाय अ‍ॅनहायड्राइडचे आम्लात रूपांतर करून त्याची पकड ढिली करते. आपल्या फळीचे आकारमान 3500 घनसेंटिमीटर आणि वजन 3570 ग्रॅम, म्हणजे घनता 1.02 येते. लाकडाच्या पेशींच्या भिंतीची घनता सुमारे 1.4 ते 1.5 आणि एचडीपीईची 0.95 धरली, तर 60 टक्के भुसा असलेली पूर्ण भरीव फळी 1.18 किंवा त्याहून थोडी जास्त भरायला हवी. हा फरक लहान वाटतो, पण त्याचा अर्थ असा की आपल्या फळीचा जवळपास सातवा हिस्सा निव्वळ हवा आहे. भुसा 100 ते 105 अंश तापमानाच्या गरम हवेच्या ड्रायरमध्ये वाळवून ओलावा 1 टक्क्याच्या खाली आणावा, आणि वाळवल्यावर लगेच वापरावा किंवा हवाबंद पिशवीत ठेवावा, कारण रात्रभर उघडा राहिलेला भुसा सकाळपर्यंत पुन्हा पाणी पितो. ओलावा तपासायला मोठे यंत्र लागत नाही. 100 ग्रॅम भुसा ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवून पुन्हा तोलला की पुरते.

तापमानाबद्दल आपण काही लिहिलेले नाही. लाकूड साधारण 200 अंशांपलीकडे विघटित होऊ लागते आणि त्यात सर्वांत आधी हेमिसेल्युलोज जाते. पॅनेलवरचा आकडा बॅरलचा असतो. आत फिरणाऱ्या स्क्रूच्या घर्षणाने लगदा त्याहून अधिक तापतो. भुसा वाढवल्यावर लगदा घट्ट झाला म्हणून आपण तापमान चढवले असेल, तर ते परत खाली आणावे. रंग गडद झाला असेल किंवा ताज्या फळीला करपलेल्या साखरेसारखा वास येत असेल, तर लाकूड आतून दुबळे झाले आहे असे समजावे.

हे सगळे एकदम बदलू नये. आधी भुसा नीट वाळवून जुन्याच मिश्रणाची फळी काढावी, नंतर वंगण बदलावे, मग कपलिंग एजंट 2 वरून 3 टक्क्यांवर न्यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर पट्टी किती भाराला मोडते ते मोजावे. त्यासाठी फळीतून 25 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड पट्ट्या कापून, 160 मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून, मध्यभागी वजन टांगत जावे. पट्टी 32 किलोच्या आसपास मोडली, तर तिचे वाकण-सामर्थ्य 30 मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) आहे असे धरता येईल. वजन आणि सामर्थ्य समप्रमाणात असल्याने बाकीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक मिश्रणाच्या किमान पाच पट्ट्या मोडाव्यात.

मोडलेल्या पट्ट्या फेकून देऊ नयेत, ही माझी खास विनंती. भंगाची बाजू उजेडात धरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावी. सांधा कच्चा असेल, तर लाकडाचे तंतू अखंड उपसून बाहेर आलेले दिसतात, त्यांचे अंग स्वच्छ असते आणि समोरच्या बाजूला त्यांच्या आकाराची गुळगुळीत भोके राहिलेली असतात. सांधा पक्का असेल, तर तंतू स्वतः मोडलेले असतात आणि त्यांच्या टोकांना प्लॅस्टिकचे धागे चिकटलेले असतात. गोल, चकचकीत पोकळ्या दिसल्या, तर ती वाफेची खूण आहे. कपलिंग एजंट खरा की बनावट, याचे उत्तरही आपल्याला याच भिंगातून मिळेल.

प्रश्न : मी जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. प्रकल्पासाठी वाचताना असे आढळले की भुसा घातल्यावर प्लॅस्टिक अधिक कडक होते, पण मजबूत होतेच असे नाही. कडकपणा आणि मजबुती या एकच गोष्टी नाहीत का?

उत्तर : नाहीत, आणि हा फरक आकड्यांतच पाहावा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे 1910 पासून फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी ही सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथे पॉलिप्रॉपिलीनवर केलेली मोजमापे या विषयात वारंवार दिली जातात. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचे ताण-सामर्थ्य 28.5 मेगापास्कल होते. 40 टक्के लाकडाचे पीठ घातल्यावर ते 25.4 वर उतरले, पण कडकपणा दाखवणारा स्थितिस्थापकता गुणांक 1.53 वरून 3.87 गिगापास्कलवर गेला. मग 3 टक्के कपलिंग एजंट घातला, तेव्हा सामर्थ्य 32.3 वर चढले आणि गुणांक मात्र 4.10 वरच राहिला.

कारण असे की कडकपणा मोजताना वस्तू अगदी किंचित ताणली जाते. तेवढ्यात सांधा सुटत नाही आणि किती कडक पदार्थ भरला आहे एवढेच महत्त्वाचे ठरते. सामर्थ्य मोजताना मात्र वस्तू तुटेपर्यंत ओढली जाते, आणि तिथे सांध्याची परीक्षा होते.

त्याच मालिकेत पिठाऐवजी लांब तंतू घातले, तेव्हा कपलिंग एजंटशिवाय सामर्थ्य 28.2 होते आणि त्यासह 52.3 झाले. पिठाचा कण रुंदीच्या चारपाच पटही लांब नसतो. तंतूची लांबी दहा ते पंचवीस पट असू शकते, त्यामुळे सांधा पक्का असेल तर भार पेलायला त्याच्याकडे पुरेसे अंग असते. सांधा कच्चा असेल, तर ही लांबी जवळपास वाया जाते. आपल्या प्रकल्पाचा गाभा मी या चार आकड्यांमध्ये ठेवला असता.

तंतू एवढे चांगले असताना कारखाने पीठच का वापरतात, हा आपला पुढचा प्रश्न असेल. तंतू कापसासारखे फुगतात, हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात) अडकतात, समप्रमाणात खाली पडत नाहीत, आणि स्क्रूच्या रगडण्यात त्यांचे तुकडे होतात. लगदा चांगला मिसळावा म्हणून जास्त रगडावे तर तंतू तुटतो, आणि तंतू वाचवावा तर गुठळ्या राहतात. या कामात निम्मे कौशल्य स्क्रूची रचना आणि तंतू बॅरलमध्ये कुठे सोडायचा हे ठरवण्यात आहे.

आघाताचा आकडाही नजरेआड करू नये. खाच नसलेल्या पट्टीची आघात-शक्ती त्याच मोजमापांत 40 टक्के पीठ घातल्यावर मीटरमागे 656 ज्यूलवरून 73 वर कोसळली आणि पिठाबरोबर कपलिंग एजंट घालूनही 78 पर्यंतच आली. प्रत्येक कण हा तड्याची संभाव्य सुरुवात असतो. लाकडाचे पीठ घालण्याची कल्पना जुनी आहे. आपल्या आजीच्या घरात भिंतीवर जी गोल, काळी बेकलाइटची बटणे होती त्यांतही भरण म्हणून बहुधा लाकडाचे पीठच असायचे, आणि ती जमिनीवर पडली की फुटायची, हे आजी सांगू शकेल.

प्रश्न : मी नाशिकला सुतारकाम करतो. न्हाणीघराच्या दारांना डब्ल्यूपीसीच्या चौकटी बसवतो. काही चौकटींत बिजागरीचे स्क्रू वर्षभरात ढिले होतात, काहींत पक्के राहतात. दुकानदार दोन्हींना डब्ल्यूपीसीच म्हणतो. ओळखायचे कसे?

उत्तर : एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात, हे आपण हातांनी ओळखलेत. एकात पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये भुसा भरून घट्ट दाबलेला असतो. आपल्याकडे चौकटी, दारे आणि किचन ट्रॉलीसाठी जो माल जास्त खपतो तो फेसाळलेल्या पीव्हीसीचा असतो. त्यात भुसा बेताचा आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची भुकटी, पुष्कळ असू शकते.

एक तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून पाहावा. भरीव भुसा-प्लॅस्टिक बुडते, कारण त्याची घनता 1 पेक्षा जास्त असते. फेसाळलेली पीव्हीसी 0.5 ते 0.7 च्या घनतेची असल्याने तरंगते. जाळून पाहण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती कृपया करू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो.

फेस आणणारे रसायन गरम झाल्यावर वायू सोडते आणि आतला भाग ब्रेडसारखा जाळीदार होतो. वजन आणि खर्च कमी होतो, खिळा सहज ठोकता येतो, पण स्क्रूच्या आट्यांना धरायला पदार्थच कमी उरतो. सेलुका पद्धतीने काढलेल्या मालात फेस आतल्या दिशेने फुगवला जातो आणि बाहेरची साल थंड करून टणक ठेवली जाते. चौकटीची पकड आणि तिचा वाकण्याला होणारा विरोध बऱ्याच अंशी या सालीत असतो. म्हणून अशा चौकटीवर रंधा मारू नये. घट्ट बसत असेल तर भिंतीकडची बाजू तासावी, बिजागरीची नाही. स्क्रू मोठ्या आट्यांचा आणि लांब घ्यावा, त्याच्या गाभ्यापेक्षा बारीक भोक आधी पाडावे आणि कडेपासून अंतर राखावे. एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा पिळला, तर पकड परत येत नाही. वजनदार दारासाठी फेसाळलेली चौकट घेऊच नये, असे माझे मत आहे आणि गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगावे.

प्रश्न : नागपूरला गच्चीवर दोन उन्हाळ्यांपूर्वी अशा फळ्यांचे डेक केले. आता फळ्या मध्ये खोलगट झाल्या आहेत आणि दोन ठिकाणी टोकाला टोक भिडून वर उचलल्या गेल्या आहेत. ठेकेदार म्हणतो की चांगला यूव्ही स्टॅबिलायझर असलेला माल घेतला असता तर असे झाले नसते. मी निवृत्त शिक्षक आहे, मला हे पटत नाही.

उत्तर : सर, आपल्याला पटत नाही ते बरोबर आहे. यूव्ही स्टॅबिलायझर आणि रंगद्रव्ये उन्हाने रंग उडणे आणि पृष्ठभाग भुरभुरीत होणे लांबवतात. आपली तक्रार खोलगटपणाची आणि टोके वर उचलली जाण्याची आहे, तिचा या द्रव्यांशी संबंध नाही.

प्लॅस्टिक सततच्या भाराखाली हळूहळू वाहते. कुंड्या महिनोन्‌महिने एकाच जागी असतील आणि मेच्या उन्हात फळीचा पृष्ठभाग हात ठेववणार नाही एवढा तापत असेल, तर हे वाहणे वेगाने होते. पॉलिएथिलीनमध्ये ते पॉलिप्रॉपिलीनपेक्षा जास्त असते. खालच्या आधारांमधले अंतर मोजून पाहावे. असल्या फळ्यांना सर्वसाधारणपणे 300 ते 400 मिलिमीटरवर आधार लागतो, आणि सागवानी फळीच्या सवयीने ठेकेदाराने 600 वर टाकले असेल तर दोष तिथेच सापडेल. मध्ये नवे आधार घालता येतील. वाकलेली फळी उलटी करून बसवली तर थोडी सरळ होते, पूर्ण होत नाही.

वर उचलल्या गेलेल्या टोकांचे कारण लांबी वाढणे. अशी फळी प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे 0.04 मिलिमीटर वाढते, म्हणजे 3 मीटरची फळी पहाटेपासून दुपारपर्यंत 40 अंशांनी तापली तर जवळजवळ 5 मिलिमीटर लांबते. टोकांशी तेवढी फट सोडावी. सागवान तंतूंच्या दिशेने याच्या बरेच कमी वाढते, म्हणून जुन्या सुतारांना ही फट सोडण्याची सवय नसते.

प्रश्न : रत्नागिरीला आमच्या अंगणात अशा फळ्या लावायच्या आहेत. प्लॅस्टिक असल्याने त्यांना बुरशी किंवा वाळवी लागतच नाही, असे विक्रेता सांगतो. शिवाय भंडाऱ्याचे एक नातेवाईक भुशाऐवजी भाताच्या तुसाची फळी सुचवतात. काय घ्यावे?

उत्तर : ‘लागतच नाही’ हे खरे नाही. प्लॅस्टिकमधले लाकूड पाणी सावकाश पिते, पण पिते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातील अशा फळ्यांच्या पायवाटेवर बुरशीने लाकडाचे कण खाल्ल्याची नोंद 1998 मध्ये प्रसिद्ध झाली होती. कोकणातला पाऊस फ्लोरिडाच्या दमटपणाला कमी नाही. लाकडाचा अंश निम्म्याहून जास्त असेल तर कण एकमेकांना चिकटून ओलाव्याला आत जायला वाट मिळते, कण फुगतात, त्यांच्याभोवतीचा सांधा सुटतो आणि मग मजबुतीही जाते. विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : लाकडाचे प्रमाण किती, आणि झिंक बोरेट घातले आहे का. हे बोरेट पाण्यात फारसे विरघळत नाही, बॅरलच्या उष्णतेत टिकते, आणि बुरशी व वाळवी दोन्हींना आवरते. फळ्या मातीवर टेकवू नयेत. खालून वारा खेळेल आणि पाणी निघून जाईल अशा उंचीवर बसवाव्यात. कापलेल्या टोकांवर प्लॅस्टिकचा थर नसतो, तिथूनच पाणी आत शिरते, म्हणून ती टोके पावसाच्या धारेखाली येऊ देऊ नयेत.

तुसाच्या फळीला माझा विरोध नाही. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांत तूस मुबलक मिळते आणि लाकडाच्या तुलनेत ते पाणी कमी पिते. त्यात 15 ते 20 टक्के सिलिका असते, ती कारखानदाराचा स्क्रू आणि बॅरल लवकर झिजवते, पण ती अडचण त्याची, आपली नाही. तुसालाही कपलिंग एजंट लागतोच. आपल्याकडे उसाच्या चिपाडाचेही प्रयोग होतात. तिथे चिपाडातला स्पंजासारखा गर आधी काढून टाकावा लागतो. तो पाणी शोषतो आणि मजबुती काहीच देत नाही. फळी घेताना एक छोटा तुकडा मागून घ्यावा, तोलावा, पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवावा आणि पुसून पुन्हा तोलावा. दोन विक्रेत्यांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणाचा माल घ्यायचा ते आपल्यालाच कळेल.